मानाचे पान आणि पगाराचे पाकीट

बँकेत अडतीस वर्षे घालवलेल्या माणसाची आकड्यांपासून सुरुवात करण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. म्हणून प्रथम एक आकडा सांगतो. सातव्या वेतन आयोगाची वेतनश्रेणी १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली आणि केंद्राच्या मंत्रिमंडळ सचिवांचे मासिक वेतन अडीच लाख रुपये झाले. तिन्ही सेनादलांच्या प्रमुखांचेही तेवढेच झाले. त्यांचे सर्वोच्च सेनापती असलेल्या राष्ट्रपतींचे वेतन मात्र दीड लाखावरच राहिले, कारण ते वेतन आयोगाच्या कक्षेत येत नाही, संसदेला ठरवावे लागते. २०१८ च्या अर्थसंकल्पात ते पाच लाख करण्यात आले, उपराष्ट्रपतींचे चार लाख आणि राज्यपालांचे साडेतीन लाख. म्हणजे मधली दोन वर्षे देशाच्या प्रथम नागरिकाच्या हाती पडणारे वेतन त्यांना सलामी देणाऱ्या अधिकाऱ्यांपेक्षा कमी होते, आणि त्यामुळे राष्ट्रपतिपदाची शान तसूभरही उणावल्याचे कोणाला जाणवले नाही.

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींत एक निवृत्त शिक्षक आहेत. हा दाखला त्यांना फार आवडतो. पदाला मान असेल तर पगार गौण ठरतो, असा त्यांचा सिद्धान्त. मला तो तितकासा पटत नाही. राष्ट्रपतींना घरभाडे भरायचे नसते, मुलांच्या महाविद्यालयाचे शुल्क भरण्यासाठी ठेव मोडायची नसते आणि निवृत्तीनंतर कोठे राहायचे, याची चिंता नसते. सर्वोच्च शिखरावर पगार ही केवळ नोंद असते. प्रश्न खरा आहे तो शिखराखालच्या उतारावर राहणाऱ्यांचा: न्यायाधीश, जिल्ह्याचे अधिकारी, कर खात्यातील निरीक्षक, सरकारी बँकेचे व्यवस्थापक. या लोकांना बाजारापेक्षा कमी द्यायचे आणि उरलेली भरपाई ‘साहेब’ या संबोधनात करायची, हा व्यवहार कितपत टिकतो?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजसेवकांच्या वेतनाची अख्खी पायरीवार यादी दिली आहे. मंत्री, पुरोहित, सेनापती, युवराज यांना ४८ हजार पण आणि अगदी खालच्या सेवकाला ६० पण. वरच्या मंडळींना एवढे का, याचे कारणही तो आडपडदा न ठेवता सांगतो. एवढे मिळाले म्हणजे ते कोणाच्या आमिषाला बळी पडणार नाहीत आणि राजावर रुष्टही होणार नाहीत. राजमान्यता हा मोबदल्याचा भाग समजून त्याने एक पणही कमी केलेला नाही. वरच्या आणि खालच्या वेतनाचे हे गुणोत्तर आठशेला एक होते. आज मंत्रिमंडळ सचिवांचे अडीच लाख आणि केंद्र सरकारी सेवेतील किमान वेतन १८ हजार, म्हणजे जेमतेम चौदाला एक. कौटिल्याला आजची वेतनश्रेणी दाखवली असती, तर शिपायाचा पगार पाहून तो अधिक चकित झाला असता की सचिवांचा, हे सांगणे कठीण आहे.

इंग्रजांनाही हा धडा गिरवावा लागला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांचे पगार सुरुवातीला नाममात्र असत आणि ते खासगी व्यापारावर व नजराण्यांवर गब्बर होऊन मायदेशी परतत. १७८६ मध्ये आलेल्या लॉर्ड कॉर्नवॉलिसने खासगी व्यापार बंद केला, पण त्याचबरोबर कलेक्टरचे वेतन दरमहा १,५०० रुपये केले आणि वसुलीवर दलालीही दिली. आपल्या व्यापारी भाषेत सांगायचे तर त्याने प्रामाणिकपणाची योग्य किंमत मोजली. गंमत अशी, की ही किंमत मोजायची ती फक्त गोऱ्या माणसासाठी. १७९३ पासून वर्षाला ५०० पौंडांहून अधिक वेतनाची पदे हिंदी माणसाला बंद झाली. खालचा कारकून, अंमलदार, शिरस्तेदार तुटपुंज्या पगारावरच राहिला आणि तो चिरीमिरी घेणारच, असे गृहीत धरले गेले. आपल्या कचेऱ्यांतील काही रोग त्या हिशेबातून आलेले असावेत, असे मला नेहमी वाटते.

स्वातंत्र्याच्या चळवळीने याच्या नेमके उलट टोक गाठले, आणि त्याला सबळ कारणही होते. २ मार्च १९३० रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांचाच पगार मांडला होता: महिन्याला २१ हजार, म्हणजे दिवसाला सातशेच्या वर, आणि सामान्य हिंदी माणसाची कमाई दिवसाला दोन आण्यांहून कमी. पाच हजार पटींहूनही अधिक. एखाद्या कसलेल्या मुनिमाने मांडावा तसा तो हिशेब आहे. पुढल्याच वर्षी कराची काँग्रेसने ठराव केला, की विशेष तज्ज्ञ वगळता राज्याच्या कोणत्याही सेवकाला पाचशे रुपयांपेक्षा अधिक वेतन असू नये. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली तेव्हा मंत्र्यांनी खरोखरच पाचशे रुपये घेतले. घर आणि वाहन यांची व्यवस्था वेगळी होती, हे खरे. तरी पाचशे ते पाचशेच. मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर हे सॉलिसिटर होते. त्यांच्या पिढीतील कितीतरी मंत्री वकिली किंवा घरची समृद्धी मागे टाकून, तुरुंग पाहून आलेले होते. पाचशे रुपयांची उणीव त्यांना प्रतिष्ठेने भरून द्यावी लागत नव्हती, कारण त्यांची प्रतिष्ठा त्या खुर्चीने दिलेली नव्हती. ती त्यांनी स्वतःबरोबर आणली होती.

पुढे मात्र तीच फुटपट्टी ज्यांनी तुरुंग पाहिला नाही, ज्यांना घरचे पाठबळ नाही, अशांना लावली गेली. संविधानाने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन चार हजार आणि सरन्यायाधीशांचे पाच हजार ठरवले. हे आकडे संविधानाच्या परिशिष्टातच लिहिलेले असल्याने सहजासहजी बदलता येईनात. १९८६ साली चौपन्नाव्या घटनादुरुस्तीने ते अनुक्रमे नऊ आणि दहा हजार झाले. छत्तीस वर्षे! या काळात किराणा मालाच्या दुकानात काय काय महाग झाले, ते आपणा मंडळींना मी सांगायला नको. नामवंत वकील न्यायासनाचे निमंत्रण नाकारतात ही तक्रार त्या काळापासून ऐकू येते. आता सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना अडीच लाख आणि सरन्यायाधीशांना दोन लाख ऐंशी हजार मिळतात, तरी दिल्लीतील बड्या वकिलाची एका दिवसाच्या उभे राहण्याची फी त्याहून अधिक असू शकते.

येथे रामशास्त्री प्रभुण्यांचे उदाहरण पुढे येणार, हे मला ठाऊक आहे. पेशव्यांच्या वाड्यातून दागिन्यांनी मढून आलेल्या पत्नीला दारातच अडवणाऱ्या रामशास्त्र्यांची कथा आपण सर्वांनी शाळेत ऐकली. तो माणूस थोरच. परंतु एक रामशास्त्री निघतो म्हणून प्रत्येक न्यायासनावर रामशास्त्रीच बसेल, असे धरून राज्याचा कारभार चालवणे म्हणजे एका खातेदाराने वेळेवर कर्ज फेडले म्हणून सर्वांना विनातारण कर्ज देण्यासारखे आहे. बँकेत असे केले असते तर दक्षता विभागाने मला पुढचा प्रश्नही विचारू दिला नसता.

माझा स्वतःचा अनुभव सरकारी बँकेतला, म्हणून तेथील हिशेब थोडा सविस्तर सांगतो. मी १९८२ मध्ये परिवीक्षाधीन अधिकारी म्हणून रुजू झालो तेव्हा माझे मूळ वेतन सातशे रुपये होते. त्याच सुमारास भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल होणाऱ्या तरुणाचेही मूळ वेतन सातशेच होते. पिल्लई समितीच्या शिफारशींनुसार १९७९ मध्ये बँक अधिकाऱ्यांची वेतनश्रेणी सरकारी अधिकाऱ्यांच्या जवळ आणली गेली होती, त्याचा हा परिणाम. आमच्या घरी अडतीची गादी होती. वडिलांनी आकडा ऐकला, मुनीमजींकडे पाहिले आणि दोघेही काही बोलले नाहीत. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण त्या दिवशी कोणी उच्चारली नाही, एवढाच काय तो माझा सन्मान. पण पुढच्याच महिन्यात वडील बाजारात ‘आमचा धाकटा बँकेत ऑफिसर आहे’ असे सांगताना मी स्वतः ऐकले. सातशे रुपयांना न मिळालेले काहीतरी त्या वाक्याला मिळत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मी गावी गेलो की गादीवरची माणसे सरकून जागा करून देत. ती जागा मला आवडे. ज्यांना असे काही आवडत नाही, अशा अधिकाऱ्यांना मी अद्याप भेटलेलो नाही.

नंतर दोन्ही वाटा दूर गेल्या. केंद्राचे वेतन आयोग बसत गेले आणि आमचे वेतन बँकांची संघटना व कर्मचारी संघटना यांच्या वाटाघाटींतून ठरत राहिले. २०१६ पासून प्रशासकीय सेवेतील नवागताचे मूळ वेतन ५६,१०० रुपये झाले. बँकेतील नवागत अधिकाऱ्याचे नोव्हेंबर २०१७ पासूनचे मूळ वेतन ३६ हजार, आणि तेही प्रत्यक्षात २०२० च्या करारानंतर हाती आले. नोव्हेंबर २०२२ पासून ते ४८,४८० आहे. (निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा विषय मी येथे मुद्दाम काढत नाही, तो काढला तर अंकाची उरलेली पाने पुरणार नाहीत.)

वर पाहिले तर दरी अधिकच रुंद होते. भारतीय स्टेट बँकेकडे मार्च २०२३ अखेर ४४ लाख कोटी रुपयांहून अधिक ठेवी होत्या आणि तिच्या अध्यक्षांचे त्या वर्षाचे एकूण वेतन चाळीस लाखांच्या आत होते. त्याहून लहान असलेल्या खासगी बँकांचे प्रमुख काही कोटी घेतात. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईतील बँकांच्या परिषदेत तेव्हाचे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी यावर नेमके बोट ठेवले होते. सार्वजनिक संस्था तळाशी बाजारापेक्षा जास्त देतात आणि वर बाजारापेक्षा कमी, असे ते म्हणाले, आणि मलाही कमीच मिळते अशी कोटीही त्यांनी केली. राजन तेव्हा पद सोडण्याच्या बेतात होते. पुढे गव्हर्नरांचे मूळ वेतन नव्वद हजारांवरून अडीच लाख झाले.

राजन यांच्या विधानातील पहिला अर्धा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो. सरकारी कार्यालयातील शिपायाला किंवा वाहनचालकाला खासगी दुकानातील त्याच कामापेक्षा पुष्कळ अधिक मिळते. तरीही दाखल्यासाठी शंभर रुपये मागणारा हात अनेकदा त्याचाच असतो. तो हात भुकेने पुढे आलेला नसतो. मग ‘पगार वाढवा, लाच थांबेल’ हे सूत्र कोठे बसते? सिंगापूरने हे सूत्र शेवटपर्यंत ताणून पाहिले. तेथील मंत्र्यांचे वेतन देशातील सर्वाधिक कमाई करणाऱ्यांशी जोडले गेले. २०१२ मध्ये लोकांच्या नाराजीमुळे पंतप्रधानांचे वेतन एक तृतीयांशाहून अधिक कापले, तरी ते वर्षाला बावीस लाख सिंगापूर डॉलर राहिले. कनिष्ठ मंत्र्याचे अकरा लाख. त्या देशाचा कारभार स्वच्छ आहे यात शंका नाही. पण त्याच मंत्रिमंडळातील वाहतूकमंत्री ईश्वरन यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये भेटवस्तू स्वीकारल्याबद्दल आणि न्यायाच्या मार्गात अडथळा आणल्याबद्दल बारा महिन्यांचा कारावास झाला. पगार पुरत नव्हता, असे त्यांच्या वकिलालाही म्हणता आले नसते.

म्हणजे पगार एकटा पुरत नाही आणि मान एकटा पुरत नाही. शिवाय या दोन वस्तू आपण समजतो तितक्या वेगळ्याही नाहीत. २०१० सालची एक गोष्ट आठवते. खासदारांचे वेतन तेव्हा १६ हजार होते आणि ते ८०,००१ करावे, अशी शिफारस संसदीय समितीने केली. ऐंशी हजार का नाही? कारण केंद्राच्या सचिवांना ऐंशी हजार होते आणि राजशिष्टाचारात खासदाराचे स्थान सचिवाच्या वर आहे. अखेर पन्नास हजार मंजूर झाले. (आता ते १,२४,००० आहे.) लोक त्या वरच्या एका रुपयाला हसले. मी हसलो नाही. तो रुपया पगाराचा नव्हताच, मानाचा होता. ज्यांना आपण सांगतो की मानावर भागवा, त्यांना मान मोजायला शेवटी रुपयाच सापडला, कारण आजूबाजूचा समाज दुसऱ्या कशाने मोजत नाही.

येथे मी आपल्या घरात शिरतो. वाचकांना ते रुचेल किंवा न रुचेल.

एखाद्या पदाची प्रतिष्ठा सरकारी आदेशाने निघत नाही. नोटा रिझर्व्ह बँक छापते, मान समाज छापतो. आणि त्या छपाईत आपल्यासारख्या व्यापारी समाजाचा वाटा मोठा आहे, कारण बाजारपेठेच्या गावात कोणाला उठून नमस्कार करायचा, हे बाजारच ठरवतो. माझ्या उमेदीच्या काळात तालुक्याचा मुन्सफ पायी चालत न्यायालयात जाई आणि पेढीवरचे शेठजी हातातली पेन्सिल खाली ठेवत. आज त्याच रस्त्यावर, ज्याचा पगार सर्वांना ठाऊक आहे आणि ज्याचा बंगलाही सर्वांनी पाहिला आहे, असा अधिकारी आपल्या मुलाच्या लग्नाला येतो तेव्हा त्याला मंचावर पुढची खुर्ची मिळते. जो पगारात राहतो, त्याच्याविषयी ‘माणूस सज्जन आहे, पण त्याला काही जमले नाही’ असे म्हटले जाते. हे वाक्य मी किती जणांविषयी ऐकले! या मासिकाच्या शेवटच्या पानांवरील वधू-वर परिचय चाळून पाहावेत. पूर्वी ‘क्लास वन अधिकारी’ एवढ्यावर परिचय संपत असे. आता खाली पॅकेजचा रकाना असतो आणि तो आधी वाचला जातो. धर्मकार्यातील बोलीविषयी बोलताना मी जपून शब्द वापरतो. तिचा पैसा योग्य कार्यालाच जातो, याची मला खात्री आहे. तरीही मानाचे पहिले पान बोली लावणाऱ्याला मिळते, हे दृश्य आपली मुले लहानपणापासून पाहतात, एवढे नमूद करतो.

आपले पूर्वज याबाबतीत अधिक व्यवहारी होते. १७२५ च्या सुमारास अहमदाबाद शहर लुटले जाण्याची वेळ आली, तेव्हा नगरशेठ खुशालचंद यांनी स्वतःच्या तिजोरीतून रक्कम देऊन ते संकट टाळले. शांतिदास झवेरींच्या घराण्यातले ते. नगरशेठ या पदाला वेतन नव्हते. निव्वळ मानाचे पद. परंतु शहरातील महाजनांनी त्यांना पागोटे बांधून विषय संपवला नाही. शहरात छाप पडणाऱ्या मालावर शेकडा चार आणे त्यांना आणि त्यांच्या वंशजांना मिळावेत, असे त्यांनी लिहून दिले. इंग्रजांच्या अमलातही त्याचा मोबदला घराण्याला मिळत राहिला. मान दिला, आणि तो मान टिकावा म्हणून मागे पैसाही उभा केला.

आता घेणाऱ्या हाताबरोबर देणाऱ्या हाताविषयी. बाजारपेठेच्या एका शाखेत मी व्यवस्थापक होतो. दिवाळीच्या आधी एका समाजबांधवाच्या कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव माझ्या टेबलावर होता. प्रस्ताव उत्तम होता, तारण पुरेसे होते, मंजूर होणारच होता. तरी मिठाईच्या डब्याखाली पाकीट आले. मी डबा ठेवून घेतला आणि पाकीट परत दिले. गृहस्थ रागावले नाहीत, दुखावले. “साहेब, आपल्यातलेच ना तुम्ही? मग परकेपणा कशाला?” त्यांच्या लेखी ते पाकीट लाच नव्हतेच, माझ्या कमी पगाराविषयीची आपुलकी होती. ते मला बाजारभावाशी समान पातळीवर आणू पाहत होते. अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार आपण पाठ म्हणतो, त्यांत खोटी वजनमापे आणि मालातील भेसळ यांच्या बरोबरीने ‘विरुद्धराज्यातिक्रम’ही आहे, हे त्यांना माहीत होते. ते नियमित सामायिक करणारे होते. त्या वर्षानंतर ते माझ्याशी जपून वागू लागले आणि मला वाटते, त्यांच्या मनात माझा मान थोडा कमीच झाला.

गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्या स्वतःच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसला. माझ्या थोरल्या बंधूंची नात स्पर्धा परीक्षेतून राज्यकर निरीक्षक म्हणून निवडली गेली. मूळ वेतन ३८,६००. पोरगी एम. कॉम., हुशार, तिचा चुलतभाऊ दुकानात बसून याच्या काही पट मिळवतो. घरात पेढे वाटले गेले आणि नंतर दारे लावून चर्चा झाली. भाऊंचे म्हणणे सरळ होते. “आपल्या घरातली मुलगी आपल्याच लोकांच्या वह्या तपासायला जाणार? उद्या बाजारात मी तोंड कसे दाखवू?” दुसऱ्या बाजूला तिचे मामा खुशीत होते. “अहो, बरेच झाले. खात्यात आपले माणूस झाले.” मामांचे हे वाक्य ऐकले आणि वाटले, की भाऊंचा विरोध परवडला. आपण ज्याला पदाची प्रतिष्ठा म्हणतो, तीत पुष्कळदा ‘आपले काम होईल’ ही अपेक्षाच दडलेली असते. तसा मान पगाराची भरपाई करत नाही. तो पगाराबाहेरची वसुली करायला शिकवतो.

मला मत विचारले गेले, कारण नोकरी केलेला घरात मी एकटाच. मी तिला माझ्या सवयीप्रमाणे कागदावर मांडून दाखवले: भाडे, जेवण, प्रवास, थोडी बचत, आठ-दहा वर्षांनी बढती मिळाली तर किती. तिने कागद पाहिला आणि म्हणाली, “छोटे दादाजी, यात माझे भागेल. पण तुम्ही सगळे मला यात राहू द्याल का?”

तिला काय म्हणायचे होते, ते मला तत्काळ कळले. घरातल्या लग्नात तिने इतरांसारखे दागिने घालावेत, आहेर चुलत जावांच्या तोडीचा असावा, सुटीत सर्वांबरोबर परदेशवारी करावी, तीर्थयात्रेच्या संघात खोली वातानुकूलितच घ्यावी, ही अपेक्षा तिच्या पगाराने निर्माण केलेली नाही. ती आमची आहे. अधिकाऱ्याचा पगार कमी आहे की पुरेसा, हे वेतन आयोगापेक्षा त्याचे नातेवाईक अधिक ठरवतात. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले. त्यांत न्यायसंपन्न वैभव पहिले आहे, हे व्याख्यानांतून आपण वारंवार ऐकतो. मिळकतीच्या मानाने खर्च, हाही त्याच यादीत आहे. त्यावर मी व्याख्याने कमी ऐकली.

मी भाऊंना एवढेच सांगितले, की तिला जाऊ द्यायचे असेल तर दोन गोष्टी घराने कराव्यात. तिच्या लग्नाचा खर्च आणि दागिने यांचा प्रश्न आजच्या आज मिटवावा, म्हणजे तो तिच्या डोक्यावर राहणार नाही. भाऊंची तेवढी ऐपत आहे. आणि घरातील कोणीही, कोणत्याही परिचितासाठी, तिच्या कार्यालयाशी संबंधित शब्द काढू नये. पहिली गोष्ट त्यांनी लगेच मान्य केली. दुसरीला वेळ लागला. मामांना समजावण्यासाठी भाऊंना दोनदा त्यांच्या गावी जावे लागले.

प्रशिक्षण संपवून ती आता दुसऱ्या जिल्ह्यात आहे. दोन खोल्यांचे भाड्याचे घर, स्कूटर, डबा घरचा. भाऊ रोज रात्री तिला दूरध्वनी करतात, महिन्याला खाकरे आणि मुगाचे पापड पाठवतात, आणि चौविहाराची वेळ कार्यालयात सांभाळता येते का, याची चौकशी करतात. मागच्या महिन्यात बाजारातले एक जुने व्यापारी गादीवर आले. त्यांच्या जावयाला त्याच जिल्ह्यातून करखात्याची नोटीस आली होती. त्यांनी जरा इकडेतिकडे बोलून नातीचा मोबाइल क्रमांक मागितला. भाऊंनी पान पुढे केले आणि शांतपणे सांगितले, “तिचा नंबर माझ्याकडे नाही.”

मी शेजारीच बसलो होतो. पाहुणे गेल्यावर मी म्हटले, भाऊ, हे सत्यव्रतात बसत नाही. ते हिशेबाची वही उघडत म्हणाले, “ठाऊक आहे. संध्याकाळी प्रतिक्रमणात पाहीन.”